वाचकांचे प्रश्न : तपासणी झाली, पुढे काय?

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की तुमच्यापैकी कोण कोण आपल्या भागात आरोग्याबद्दल जागृतीचं काम करतं आणि जोडीला दुसऱ्या देशातल्या एखाद्या सेवाभावी संस्थेलाही मदत करतं, आणि त्यात नेमकं कुठे अडतं. मेल, मेसेज, पत्रं इतकी आलीत की सगळी छापायची तर अख्खा अंक लागेल. बरेच प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केलेत. नावं कुणाचीच दिली नाहीत, कारण काहींनी आपल्या ग्रुपमधल्या आतल्या गोष्टी अगदी मोकळेपणाने लिहिल्यात. मी स्वतः या कामात बरीच वर्षं आहे त्यामुळे काही उत्तरं लांबलीत, सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचा छोटा ग्रुप आहे, सगळे नोकरी सांभाळून करणारे. दर महिन्याला आम्ही एक आरोग्य कार्यक्रम ठेवतो, कधी डायबेटिसवर व्याख्यान, कधी बीपी तपासणी, कधी कॅन्सरची माहिती. लोक येतात, ऐकतात, फोटो होतात आणि घरी जातात. वर्षभर करूनही काही बदललंय असं वाटत नाही. आमचं काय चुकतंय?

चुकत काही नाही, अर्धंच होतंय. तुम्ही दर महिन्याला विषय बदलताय ना, तिथेच गाडी अडते. जानेवारीत डायबेटिस, फेब्रुवारीत कॅन्सर, मार्चमध्ये डोळे, म्हणजे जानेवारीत ज्यांची शुगर जास्त निघाली त्यांचं पुढे काय झालं हे विचारायला मार्चमध्ये कुणाला वेळच नाही. माझं स्पष्ट मत आहे की वर्षाला एकच विषय घ्या, फार तर दोन, आणि त्याच माणसांकडे परत परत जा.

बीपीच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात १०० कोटींहून जास्त प्रौढांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांना ते माहीतच नाही, कारण बहुतेकांना काही त्रासच होत नाही. म्हणजे तुमच्या टेबलासमोर जी रांग लागते त्यात असा माणूस असणारच. पण तो तुम्हाला सापडावा असं वाटत असेल तर मोजमाप नीट हवं, आणि कॅम्पमध्ये सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते हे मी डोळ्यांनी बघत आलेय. माणूस जिने चढून येतो, धापा टाकत खुर्चीवर बसतो, हात लोंबता, कफ शर्टाच्या बाहीवरूनच गुंडाळलेला, आणि मोजणारा त्याच वेळी विचारतोय की तुमचं वय किती, पत्ता काय. तो आकडा कशाचाही असेल, त्याच्या बीपीचा नाही. आधी पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवलेला, कफ उघड्या दंडावर कोपराच्या घडीच्या थोडा वर, आणि मोजताना दोघांनीही बोलायचं नाही. लघवीला लागली असेल तर आधी जाऊन येऊ द्या, अर्ध्या तासात चहा-कॉफी किंवा सिगारेट झाली असेल तर थांबवा. दंड जाड असेल तर मोठा कफ लागतो, छोट्या कफने आकडा उगाच वर दाखवतो. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. नुसतं बोलण्याने किंवा हात अधांतरी ठेवल्यानेही आकडा दहा-दहाने चढू शकतो, म्हणजे ज्याला काही नाही त्याला तुम्ही घाबरवून घरी पाठवता.

१४०/९० किंवा त्याहून वर आलं तरी 'तुम्हाला बीपी आहे' असं तिथे कुणीही म्हणायचं नाही. वेगवेगळ्या दिवशी दोनदा जास्त आलं की मग डॉक्टर ठरवतात. तुम्ही म्हणायचं की आज जास्त आलंय, परत मोजायला हवं, कधी आणि कुठे मोजायचं ते मी लिहून देते. आणि १८०/१२० च्या पुढे आकडा असून छातीत दुखतंय, दम लागतोय, दिसायला धूसर होतंय, बोलताना जीभ अडखळतेय असं काही असेल तर कार्यक्रम बाजूला ठेवून त्या माणसाला तडक हॉस्पिटलमध्ये न्यायचं.

आता खरी गोष्ट. ज्यांचा आकडा जास्त आला त्यांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन, नाव आणि फोन वेगळ्या वहीत लिहा. ती वही ग्रुपमधल्या एकाच माणसाकडे राहील, तिचा फोटो व्हॉट्सअॅपवर जाणार नाही. दोन आठवड्यांनी फोन करायचा, परत मोजलं का, डॉक्टरांकडे गेलात का, नसेल तर काय अडलं. महिन्याने परत एक फोन. तुमच्यापैकी जे स्टेजवर बोलायला लाजतात ते हे काम फार छान करतात. आणि वर्षअखेरीला जेव्हा कोणी विचारेल की काय केलं, तेव्हा किती लोक आले हा आकडा सांगू नका, आकडा जास्त निघालेल्यांपैकी किती जण डॉक्टरांपर्यंत पोचले आणि किती जणांचं बीपी आता आटोक्यात आहे तेवढाच सांगा. पहिल्या वर्षी तो छोटा असेल, असू दे, तो खरा आहे.

प्रश्न : आमच्यात एकही डॉक्टर नाही. आम्ही आरोग्यावर बोललेलं चालतं का? काही लोक तोंडावर म्हणतात की तुम्हाला काय कळतं.

चालतं, आणि तुम्ही बोलायलाच हवं. काय बोलायचं आणि कुठे थांबायचं एवढं मात्र पक्कं ठरवून घ्या.

नारू आठवतो का तुमच्या घरातल्या मोठ्यांना? पायातून दोरीसारखा जंत बाहेर यायचा, कधी कधी मीटरभर लांब. नारूवर लस नाही, त्याला मारणारं औषधही नाही. १९८६ मध्ये जगात वर्षाला साधारण ३५ लाख लोकांना नारू व्हायचा, आणि २०२४ मध्ये अख्ख्या जगात माणसांमधल्या केसेस होत्या १५. पंधरा! हे कुणी केलं? आफ्रिका आणि आशियातल्या हजारो गावांमधल्या साध्या स्वयंसेवकांनी, ज्यांच्यातल्या कित्येकांना लिहिता-वाचताही येत नव्हतं. त्यांनी घरोघरी जाऊन दोनच गोष्टी सांगितल्या, पिण्याचं पाणी कापडाने गाळा आणि ज्याच्या अंगातून जंत बाहेर येतोय त्याने विहिरीत-तळ्यात पाय घालू नका. कारण जंत पाण्यात पिल्लं सोडतो, त्या पिल्लांना पाण्यातले बारीक किडे गिळतात, आणि ते पाणी प्यायलं की वर्षभराने परत नारू. ही साखळी दोन जागी तोडली की झालं. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला.

दुसरं सांगते. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला होता, सलाइनच्या बाटल्या पुरेनात. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवलं आणि ते पाजायचं काम पेशंटच्या नातेवाइकांवरच सोपवलं. आधी जिथे १०० मधले ३० पर्यंत दगावत होते तिथे प्रमाण ४ च्या खाली आलं. नर्स नव्हे, डॉक्टर नव्हे, आई आणि भाऊ पाजत होते. आजही जुलाबाने लहान मुलं जातात, तेव्हा ओआरएस, म्हणजे असंच मीठ-साखरेचं पाणी, कसं द्यायचं हे शिकवणं हा तुमच्या ग्रुपसाठी एकदम योग्य विषय आहे. पाकीट मिळत असेल तर पाकीटच, त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा छोटा, चहाचा. मीठ अंदाजाने टाकायचं नाही, जास्त झालं तर बाळाला धोका होतो, म्हणून हे तोंडी सांगू नका, चमचा हातात देऊन त्यांच्याकडून करवून घ्या.

थांबायचं कुठे? औषधाचं नाव सांगायचं नाही, चालू गोळी बंद करा किंवा अर्धी करा असं म्हणायचं नाही, आणि कुणी रिपोर्ट पुढे केला तर 'हे डॉक्टरांना दाखवा' यापलीकडे जायचं नाही. जो 'तुम्हाला काय कळतं' म्हणतो त्याला शांतपणे सांगा की निदान आम्ही करत नाही, दवाखान्यापर्यंतचा रस्ता दाखवतो.

प्रश्न : मागे एका देशात मोठा भूकंप झाला तेव्हा आम्ही औषधं, कपडे, ब्लँकेट गोळा केली. खोकी भरून तयार होती पण पाठवायला कुणी घेईना, एका संस्थेने तर सरळ नाही म्हटलं. लोकांनी एवढ्या मनापासून दिलेलं घेत नाहीत म्हणजे काय? खूप वाईट वाटलं.

वाईट वाटणारच, तुमच्या भावनेत काही खोट नाही. पण नाही म्हणणाऱ्या संस्थेने त्या दिवशी तिथल्या लोकांचा त्रास वाचवला.

१९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा जगभरातून सुमारे ५,००० टन औषधं आणि वैद्यकीय सामान येऊन पडलं. त्यात काय आहे एवढं नीट कळायलाच ५० माणसांना सहा महिने लागले. आलेल्यातलं निम्म्याहून जास्त तिथल्या गरजेशी जुळत नव्हतं, काही येतानाच मुदत संपलेलं, काही थंडीने गोठून वाया गेलेलं, आणि कितीतरी खोक्यांवर अशा भाषेत लिहिलेलं की तिथल्या फार्मासिस्टला वाचताच येईना. पुढे १९९२ ते ९६ च्या बोस्नियाच्या युद्धात तर वापरता न येण्यासारखी औषधं सुमारे १७,००० टन जमली असा अंदाज आहे, आणि ती नष्ट करायचा खर्चही त्या युद्धात होरपळलेल्या देशाच्याच गळ्यात. या सगळ्यानंतर १९९६ मध्ये औषधदानाचे आंतरराष्ट्रीय नियम आले, त्यात पहिलीच गोष्ट ही की ज्यांना द्यायचंय त्यांनी मागितलेलं असलं पाहिजे. आणि तिथे पोचल्यावर सर्वसाधारणपणे अजून किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी. घरातल्या अर्ध्या वापरलेल्या पट्ट्या, डॉक्टरांकडची सॅम्पल, हे तर चालतच नाही.

तुम्ही स्वतःला त्या गोदामात उभं करून बघा. बाहेर जखमी लोक आहेत, आत खोक्यांची थप्पी. पहिलं खोकं फोडलं, त्यात वर लहान मुलांचे स्वेटर, खाली खोकल्याची बाटली फुटून सगळं चिकट झालेलं, मध्येच कुणाच्या तरी बीपीच्या गोळ्यांची चार गोळ्या उरलेली पट्टी, नाव खोडलं गेलंय, तारीख दिसत नाही. ही पट्टी कुणाला देणार? फेकायलाही माणूस लागतो. आणि ही वर्गवारी करणारा माणूस म्हणजे बहुतेक वेळा तिथलाच फार्मासिस्ट, ज्याचं स्वतःचं घर पडलंय. विमानतळावर जागा अडते, ट्रक अडतो, आणि ज्याची खरंच वाट बघतायत ते अँटिबायोटिक किंवा प्लास्टरचं सामान त्या गर्दीत मागे राहतं.

म्हणून पैसे द्या. पैसे दिले की ब्लँकेट तिथल्याच जवळच्या बाजारातून घेता येतात, लवकर पोचतात, तिथल्या दुकानदाराचंही चाक परत फिरायला लागतं. पुढच्या वेळी लोक काही द्यायला आले तर त्यांना परत पाठवू नका, जे आणलंय ते जवळपास ज्याला हवंय त्याला द्या किंवा विकून ती रक्कम पाठवा. आणि आपत्ती बातम्यांतून गेल्यानंतर तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी परत एकदा पैसे गोळा करा. भूकंपात पाय गमावलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात ऑपरेशन लागतं आणि कृत्रिम पाय, व्यायाम, परत चालायला शिकणं हे सगळं त्यानंतर महिनोन् महिने, तोवर देणारे सगळे दुसऱ्या बातमीकडे वळलेले असतात.

प्रश्न : जुने चष्मे गोळा करून परदेशात पाठवावेत का?

नको. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये असे दान आलेले चष्मे तपासले तर १०० मधले जेमतेम ७ वापरण्याजोगे निघाले, आणि ते धुवून, नंबर मोजून, पाठवून एका माणसापर्यंत नेण्याचा खर्च नव्या तयार चष्म्यापेक्षा जास्त झाला. त्याऐवजी जी संस्था जागेवर डोळे तपासून नवीन चष्मा देते तिला पैसे द्या. तुमच्याच भागात चाळिशी उलटलेल्या किती जणांना जवळचं दिसत नाही ते एकदा तपासायचा कार्यक्रम घ्या, त्यात चष्म्यांचे जुने डबे गोळा करण्यापेक्षा कितीतरी जास्त हाती लागेल.

प्रश्न : परदेशातल्या संस्थेला पैसे द्यायचे तर ती खरी आहे हे कसं ओळखायचं? आणि आमचे काही देणगीदार म्हणतात की ज्या संस्थेचा ऑफिसचा खर्च शून्य आहे तिलाच देणार.

आधी ती संस्था जिथे नोंदलेली आहे त्या देशाच्या सरकारी यादीत शोधा, त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर लिहिलेल्या नंबरवर थांबू नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये चॅरिटी कमिशनचं रजिस्टर सगळ्यांना ऑनलाइन बघता येतं, हिशोबासकट. अमेरिकेत अशा बहुतेक संस्थांना दरवर्षी फॉर्म ९९० भरावा लागतो आणि तो सार्वजनिक असतो. बहुतेक देशांत असं काहीतरी असतंच. मग मागच्या दोन-तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशोब मागा. मागितल्यावर चिडणारी किंवा टाळणारी संस्था असेल तर तिथेच विषय संपवा. पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यात मागितले, 'आजच पाठवा नाहीतर मूल वाचणार नाही' असा धाक घातला, नावाजलेल्या संस्थेच्या नावात एखादं अक्षर इकडे-तिकडे केलेलं दिसलं, तर समजा की घोळ आहे. मोठ्या आपत्तीनंतर अशा खोट्या लिंक पहिल्या काही तासांतच फिरायला लागतात. आणि देशाबाहेर पैसे पाठवायचे, बाहेरून घ्यायचे याचे प्रत्येक देशाचे आपापले कायदे आहेत, कडक आहेत, तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने, रोख, हातोहात असलं काही करू नका. बँक आणि सीए दोघांना विचारून, लेखी करून मगच.

आता तो शून्य खर्चाचा हट्ट. मला हे पटत नाही आणि मी देणगीदारांशी यावर वाद घालते. लस घ्या. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवाव्या लागतात. म्हणजे फ्रिज हवा, वीज गेली तर जनरेटर हवा, त्याला डिझेल हवं, दिवसातून दोनदा तापमान लिहून ठेवणारा माणूस हवा, तो पगार मागणार, आणि सगळ्याचा हिशोब ठेवणारा अकाउंटंट हवा, नाहीतर तुम्हीच ऑडिट मागितल्यावर ते काय दाखवणार? हे सगळं कागदावर 'ऑफिसचा खर्च' म्हणून दिसतं आणि त्याच्याशिवाय लस बाळाच्या दंडापर्यंत पोचत नाही. खर्च किती टक्के हे बघाच, अवाढव्य असेल तर जाब विचारा, पण त्याआधी हे विचारा की मागच्या वर्षी जे करू म्हणालात ते झालं का, आणि जे जमलं नाही ते का जमलं नाही. दुसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देणारी संस्था मला जास्त विश्वासाची वाटते. मशीन दान करायचं असेल तरी हेच. गरीब देशांतल्या हॉस्पिटलांच्या एका मोठ्या पाहणीत जवळपास ४०% वैद्यकीय उपकरणं बंद पडलेली आढळली होती. दुरुस्त करणारा माणूस आणि सुटे भाग यांचे पैसे कुणी धरलेलेच नसतात.

प्रश्न : ताई, मी कॉलेजला आहे. सुट्टीत महिनाभर दुसऱ्या देशातल्या अनाथाश्रमात मुलांसोबत व्हॉलंटिअर म्हणून जायचा प्रोग्राम मिळतोय, पैसे मीच भरायचे. जाऊ का?

जाऊ नकोस. तुझा हेतू किती चांगला आहे ते तुझ्या पत्राच्या ओळीओळीत दिसतंय, म्हणूनच स्पष्ट सांगते.

जगभरच्या अनाथाश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण, जिवंत असतात, हे मुलांसाठी काम करणाऱ्या मोठ्या संस्था कितीतरी वर्षं सांगतायत. घरची गरिबी, शाळा लांब, मुलाला अपंगत्व, म्हणून तिथे ठेवलेलं असतं. आणि पैसे भरून येणारे पाहुणे वाढले की काही ठिकाणी मुलंच 'आणली' जातात, नेपाळ आणि कंबोडियात हे प्रकार उघड झालेत. त्यात तू महिनाभर एखाद्या चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेणार, तिला तुझी सवय लागणार, मग तू जाणार, पुढच्या महिन्यात दुसरी ताई येणार. त्या मुलीने वर्षातून बारा वेळा कुणालातरी निरोप द्यायचा. कुठलीही पोलिस चौकशी, कुठलंही ट्रेनिंग न घेता तुला थेट मुलांसोबत ठेवणारी जागा मुलांसाठी सुरक्षित असूच शकत नाही, तू कितीही चांगली असलीस तरी.

तू जे पैसे भरणार आहेस ते मुलांना परत घरी किंवा नातेवाइकांकडे ठेवायला मदत करणाऱ्या संस्थेला दे. आणि सुट्टीत सीपीआर शीक, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला वाचवायचा प्रथमोपचार. छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायचं, हे वाचून येत नाही, पुतळ्यावर घाम गाळून येतं. मग तुझ्या कॉलेजमधल्या मुलांना शिकव. ज्याचं हृदय बंद पडलंय त्याच्यासाठी पहिली काही मिनिटंच महत्त्वाची असतात आणि तेव्हा शेजारी जो असेल तोच उपयोगी पडतो. भाषा येत असतील तर घरबसल्या आरोग्याची माहिती भाषांतर करून द्यायचं कामही बऱ्याच संस्थांना हवं असतं.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये यावरूनच दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात आपल्या लोकांना इतकी गरज असताना बाहेरच्या देशात पैसे कशाला? बाकीचे म्हणतात बाहेर गरज जास्त आहे. मीटिंगमध्ये आवाज चढतो आता.

दोन्ही बाजूंचं खरं आहे आणि मीटिंगमध्ये कितीही घसा ताणला तरी हे सुटणार नाही. पोलिओची गोष्ट दोघांनाही सांगून बघा. १९८५ मध्ये रोटरीने जगभरातला पोलिओ घालवायचा विडा उचलला, म्हणजे आपापल्या गावात बैठका घेणाऱ्या साध्या सभासदांनी दुसऱ्या देशांतल्या मुलांच्या लसीसाठी पैसे जमवायचं ठरवलं. १९८८ मध्ये १२५ हून जास्त देशांत पोलिओ होता, वर्षाला अंदाजे ३.५ लाख मुलं लुळी पडायची. आज मूळ जंगली विषाणू पाकिस्तान आणि अफगाणिस्तान या दोनच देशांत ठाण मांडून आहे. पण २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या मलावीत एका लहान मुलीला पोलिओ झाल्याचं जाहीर झालं आणि तपासल्यावर तो विषाणू पाकिस्तानातल्या विषाणूशी जुळला. त्याच वर्षी लंडनच्या सांडपाण्यात तोंडाने द्यायच्या लशीतल्या दुबळ्या विषाणूपासून बदलत गेलेला पोलिओचा विषाणू सापडला आणि न्यूयॉर्क राज्यात लस न घेतलेला एक तरुण पोलिओने लुळा पडला. त्या वर्षी लंडनमध्ये लहान मुलांना घाईघाईने जादा डोस द्यावे लागले. 'बाहेरचं' आणि 'आपलं' असं कापून वेगळं काढता येत नाही ते असं.

व्यवहारात मात्र एक करा. वर्षाच्या सुरुवातीला एकदाच ठरवा की किती टक्के इथे, किती तिथे, मतदान घ्या आणि मग वर्षभर तो विषय काढायचा नाही. पावतीवरच दोन चौकोन ठेवा, देणाऱ्याने टिक करावं, दोन्हींचे हिशोब वेगळे. एका चौकोनात आलेला पैसा दुसरीकडे वळवायचा नाही, कितीही अडचण आली तरी. आणि जमलं तर दोन्हीकडे एकच विषय घ्या. इथे ओआरएस शिकवताय तर तिकडे जुलाबावर काम करणाऱ्या संस्थेला मदत करा, म्हणजे तिकडून अहवाल आला की तुमच्या लोकांना तो वाचताना सगळं कळतं, नेमके प्रश्न विचारता येतात.

प्रश्न : आमच्याकडे एक काका दर वेळी बीपी मोजायला येतात, दर वेळी १७० च्या आसपास. डॉक्टरांकडे काही केल्या जात नाहीत. 'मला काही होत नाही' म्हणतात. किती वेळा सांगायचं?

सांगणं आता बंद करा, विचारा. दर वेळी येतात याचा अर्थ त्यांना काळजी आहे, आणि तुमच्यावर विश्वासही आहे. गर्दी ओसरल्यावर त्यांच्या शेजारी बसा आणि म्हणा, 'काका, जायला नको वाटतं त्याचं कारण सांगाल का?' आणि मग गप्प राहा, मध्येच समजवायला जाऊ नका. माझ्या अनुभवात कारणं ठरावीक असतात. एकदा गोळी लागली की जन्मभर लागते ही भीती, पैशाची अडचण जी चारचौघांत सांगवत नाही, आधी कुठल्यातरी दवाखान्यात झालेला अपमान, किंवा घरात कुणीतरी बीपीच्या गोळ्या घेत असतानाच गेलं म्हणून गोळ्यांवरच राग. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. पैशाची अडचण असेल तर मोफत किंवा कमी खर्चात कुठे होतं ते शोधून द्यायचं काम तुमचं. गोळीची भीती असेल तर हे सांगा की मीठ कमी करणं, चालणं, वजन, दारू-तंबाखू यानेही आकडा खाली येतो, गोळी किती आणि किती दिवस हे डॉक्टर आकडा बघून ठरवतील, पण १७० वर तसंच सोडलं तर लकव्याचा, हार्ट अटॅकचा आणि किडनीचा धोका दिवसेंदिवस वाढतो.

मग तारीख ठरवा, मोघम नको. 'गुरुवारी सकाळी दहाला मी तुमच्यासोबत येतो' असं म्हणा आणि खरंच जा. आत त्यांच्यासोबत जायचं की बाहेर बसायचं ते त्यांना विचारा. आजवर घेतलेले सगळे आकडे तारखेसह एका कागदावर लिहून द्या, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. घरच्यांना कळवायचं असेल तर काकांची परवानगी घेऊनच. आणि चेहरा एका बाजूला वाकडा, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, यातलं एकही अचानक दिसलं तर गुरुवारची वाट बघायची नाही. या लकव्याच्या खुणा आहेत, आणि मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेव्हा त्रास किती वाजता सुरू झाला ती वेळ लिहून घ्यायची आणि लगेच अँब्युलन्स बोलवायची. या खुणा काकांच्या घरच्यांनाही माहीत असू देत, काकांना विचारून त्यांच्या घरी जाऊन सांगा, आणि त्याच फेरीत घरातल्या बाकीच्यांचंही बीपी मोजून या.